झोप नव्हे, गुंगी

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला गुंगीत ठेवावं की जागं, हा वाद अतिदक्षता विभागांत काम करणाऱ्यांमध्ये गेली पंचवीस वर्षं चालू आहे, आणि आता तो नातेवाइकांपर्यंतही पोचला आहे. वाद व्हायलाच हवा. पण तो ज्या तऱ्हेनं घातला जातो, त्यातून रुग्णाच्या पदरात फारसं काही पडत नाही. एक पक्ष म्हणतो, घशात नळी, नाकात नळी, मानेत सुई अशा अवस्थेत माणसाला जागं ठेवणं म्हणजे क्रौर्य. दुसरा म्हणतो, गुंगी हीच घातक, ती बंद करा. दोघंही कळकळीनं बोलतात आणि दोघांचीही चूक एकच आहे. औषध कशासाठी चालू आहे हे विचारायच्या आत ते असावं की नसावं, याचा निकाल त्यांनी लावून टाकलेला असतो.

आपली बाजू आधीच सांगितलेली बरी. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण वेदनामुक्त असावा, शांत असावा आणि हाक मारल्यावर डोळे उघडून बघणारा असावा, ही सुरुवातीची जागा. त्याहून खोल न्यायचं असेल तर तो वेगळा उपचार समजावा. प्रतिजैविक लिहिताना आपण कोणत्या संसर्गासाठी, किती मात्रा, किती दिवस हे लिहितो. खोल गुंगीलाही नाव घेऊन सांगता येईल असं कारण, आकड्यात लिहिलेलं लक्ष्य, ठरावीक तासांनी मोजमाप आणि फेरविचाराची वेळ हवी. हे चारही नसतील तर पंपातून जाणारं औषध हा उपचार राहत नाही, ती नुसती सवय होते.

वाद बिघडतो तो शब्दापासून. नातेवाइकांना सांगितलं जातं, ‘त्यांना झोपवून ठेवलंय.’ ऐकणाऱ्याला धीर येतो, कारण झोपेत शरीर सावरतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण प्रोपोफॉल किंवा मिडाझोलॅमच्या खोल गुंगीत नैसर्गिक झोपेचे टप्पे त्यांच्या क्रमानं येत नाहीत. झोपलेला माणूस कूस बदलतो, लाळ गिळतो, खोकतो, हाकेला ओ देतो. खोल गुंगीतला माणूस यातलं काहीच करत नाही. त्याचा कफ सक्शननं काढावा लागतो, कूस दोघांनी मिळून बदलावी लागते, रक्तदाब टिकवायला नॉरॲड्रिनलिनचा दर वाढवावा लागतो, आतडी मंदावतात. आणि श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा मुख्य स्नायू, नुसता पडून राहतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेंदूमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे तुकडे तपासले होते. अवघे १८ ते ६९ तास पूर्ण निष्क्रिय राहून यंत्राच्या श्वासावर असलेल्या त्या स्नायूंच्या तंतूंचा आडवा छेद निम्म्याहून अधिक घटला होता. ज्या स्नायूच्या बळावर नळी काढायची, तोच तीन दिवसांत एवढा झिजत असेल, तर त्या अवस्थेला विश्रांती कसं म्हणायचं?

व्हेंटिलेटर म्हटला की गुंगी आलीच, ही समजूत तरी किती जुनी? ही वैद्यकशाखा जन्मली तेव्हा ती नव्हती. ऑगस्ट १९५२, कोपनहेगनचं ब्लेगडॅम रुग्णालय. पोलिओच्या साथीत सुरुवातीच्या आठवड्यांत तेव्हाच्या श्वसनयंत्रांवर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले होते. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन नळी घालायला लावली आणि रबरी पिशवीनं तिला हातानं श्वास द्यायला सुरुवात केली. ती गुदमरत होती, झटापट करत होती, पिशवीतली हवा आत जाईना. तेव्हा इब्सेन यांनी तिला थायोपेंटोन दिलं. ती शांत झाली आणि छाती हलू लागली. गुंगीचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत होतं, हे मान्यच करायला हवं. पण पुढं काय झालं? सुमारे १५०० विद्यार्थी पाळीपाळीनं पिशवी दाबत बसले, आणि ज्यांच्यासाठी ते दाबत होते ते रुग्ण जागे होते. विद्यार्थी त्यांना वाचून दाखवत, त्यांच्याशी बोलत. औषध एका अडचणीसाठी आलं होतं, अडचण सुटल्यावर त्याचं काम संपलं. त्या रुग्णांची नळी गळ्यातून होती, तोंडातून नव्हती, आणि तोंडातली नळी जास्त सलते, हा फरक मी लपवत नाही. पण यंत्राच्या श्वासावर माणूस जागा राहूच शकत नाही, हे म्हणणं त्या वॉर्डानं सत्तर वर्षांपूर्वीच खोडून काढलं आहे.

खोल गुंगीची सवय नंतरची. रुग्णाच्या स्वतःच्या श्वासाशी जुळवून न घेणाऱ्या यंत्रांच्या काळात रुग्णालाच यंत्राशी जुळवून घ्यावं लागे, आणि ते करायचा मार्ग म्हणजे औषध. यंत्रं सुधारली, सवय राहिली. त्या सवयीनं एकदा मोठी किंमतही मोजायला लावली. इटोमिडेट हे रक्तदाब न पाडणारं गुंगीचं औषध, म्हणून ते गंभीर जखमींना दिवसेंदिवस पंपातून दिलं जाऊ लागलं. रुग्ण शांत दिसत, मॉनिटरवरचे आकडे चांगले दिसत. १९८३ साली ग्लासगोच्या लेडिंगहॅम आणि वॉट यांनी लक्षात आणून दिलं की या औषधावर ठेवलेल्या जखमींचं मृत्यूचं प्रमाण आधीच्या काळापेक्षा खूप वाढलं आहे. आजाराच्या ताणात शरीराला तगवणारं कॉर्टिसोल हे संप्रेरक मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथीत तयार होतं, ते तयार होणंच हे औषध अडवतं, हे मग उलगडलं. शांत दिसणारा रुग्ण सुरक्षित असतोच असं नाही, हे एवढ्या स्पष्टपणे क्वचितच दिसलं असेल.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात जड मुद्दा घेऊ: यातना. नळी सलते, सक्शनच्या वेळी जीव गुदमरतो, बोलता येत नाही, रात्र-दिवस कळत नाही. हे सगळं खरं आहे आणि यातलं काहीही कमी लेखू नये. पण यातना कमी करायचा उपाय म्हणून जेव्हा मिडाझोलॅमचा दर वाढवला जातो, तेव्हा नेमकं काय होतं? मिडाझोलॅम वेदना कमी करत नाही. प्रोपोफॉलही नाही. या औषधांनी वेदना सांगण्याची ताकद जाते, वेदना तिथंच राहते. म्हणून क्रम असा हवा, की आधी वेदना मोजा आणि तिच्यावर औषध द्या, आणि त्यानंतरही अस्वस्थता उरली तरच शामक. बोलू न शकणाऱ्या रुग्णाची वेदना मोजायला सीपॉट ही मोजपट्टी आहे. चेहरा, शरीराची हालचाल, हात वाकवताना जाणवणारा स्नायूंचा ताठरपणा आणि व्हेंटिलेटरशी जुळणं, या चार गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण. बेरीज ३ किंवा अधिक आली तर वेदना आहे असं धरून चालायचं. नाडी आणि रक्तदाब यांवरून वेदना ठरवू नये. ते वाढलेले पाहून तपासायला जावं, निदान मात्र त्यावर करू नये, कारण ताप, रक्तस्राव आणि नॉरॲड्रिनलिन यांच्यानंही ते हलतात. सक्शन, ड्रेसिंग किंवा कूस बदलणं यांच्या काही मिनिटं आधी फेंटॅनिल या वेदनाशामकाचा २५ ते ५० मायक्रोग्रॅमचा छोटा डोस दिला, तर दिवसभराचा दर वाढवायची वेळ बऱ्याचदा येत नाही. होतं उलटंच: सक्शनच्या वेळी रुग्ण तळमळतो, दर वाढवला जातो, सक्शन दोन मिनिटांत संपतं आणि वाढवलेला दर पुढच्या पाळीपर्यंत तसाच राहतो.

आणि आठवणींचं काय? ‘काही आठवलं नाही तर बरं’ हा युक्तिवाद दयेपोटी येतो, पण माहितीवर टिकत नाही. बरे झालेल्या रुग्णांना पुढं छळतात त्या बहुधा खऱ्या प्रसंगांच्या आठवणी नसतात. छळतात ते भ्रम: कुणीतरी मारायला आलं आहे, बांधून ठेवलं आहे, घरचे सोडून गेले आहेत. खऱ्या आठवणीला आगापीछा असतो, भ्रमाला तो नसतो. ज्यांची गुंगी रोज थांबवली गेली होती अशा रुग्णांचा नंतर मागोवा घेतला गेला, तेव्हा त्यांचा मानसिक त्रास वाढलेला आढळला नाही. मिडाझोलॅम ज्या बेंझोडायझेपीन गटातलं, ती औषधं तर डेलिरियमचा, म्हणजे लक्ष आणि विचार गोंधळून भान हरपण्याचा, धोकाच वाढवतात. हा डेलिरियम काही दिवसांत मिटणारी किरकोळ गोष्ट नाही. २०१३ साली अमेरिकेतल्या ८२१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७४ टक्के रुग्णांना रुग्णालयात डेलिरियम झाला होता, आणि वर्षभरानंतरही दर चार जणांतल्या जवळपास एकाची बौद्धिक चाचणी सौम्य अल्झायमरच्या रुग्णासारखी येत होती. डेलिरियम जितका लांबला, तितकी चाचणी खालावली होती.

मोजल्याशिवाय यातलं काहीच जमत नाही, आणि मोजमापाबाबत बेफिकिरी दोन्ही पक्षांत सारखीच आहे. १९७४ मध्ये रॅमसे यांनी सहा पायऱ्यांची मोजपट्टी दिली. आज सर्वाधिक वापरात असलेली रास ही पट्टी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. ती +४ पासून −५ पर्यंत जाते, ० म्हणजे जागा आणि शांत. ती वापरायला अर्धं मिनिट पुरतं, पण क्रम मोडून चालत नाही. आधी काहीही न करता नुसतं बघायचं. रुग्ण आपणहून जागा नसेल तर नाव घेऊन हाक मारायची आणि ‘डोळे उघडून माझ्याकडे बघा’ असं सांगायचं. नजर मिळाली आणि दहा सेकंद किंवा अधिक टिकली तर −१, त्याआधी सुटली तर −२. हालचाल झाली, डोळे उघडले, पण नजर मिळाली नाही तर −३. हाकेला काहीच प्रतिसाद नसेल तरच खांदा हलवायचा किंवा छातीच्या हाडावर चोळायचं. त्याला हालचाल झाली तर −४, नाहीच झाली तर −५. चुका नेमक्या कुठं होतात? हाक न मारता थेट खांदा हलवला जातो, त्यामुळे −२ चा रुग्णसुद्धा −४ म्हणून नोंदला जातो. सक्शन संपल्या संपल्या मोजलं की +१ येतं आणि औषध वाढतं. ऐकू कमी येणाऱ्या माणसाचं कानाचं यंत्र खणात पडून असतं आणि तो −३ ठरतो. स्नायू शिथिल करणारं औषध चालू असताना ही पट्टी वापरण्यात अर्थच नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मागच्या पाळीचा आकडा तसाच पुढं उतरवला जातो.

डेलिरियमच्या नोंदीतही अशीच एक फसगत आहे, ती मला जास्त गंभीर वाटते. कॅम-आयसीयू या तपासणीत दहा अक्षरं एकेक करून म्हणायची आणि ठरलेलं अक्षर आलं की रुग्णानं हात दाबायचा. दोनाहून अधिक चुका झाल्या तर लक्ष टिकत नाही असं समजायचं. ही तपासणी रास −३ किंवा त्याहून हलक्या गुंगीतच करता येते. −४ आणि −५ च्या रुग्णासमोर ‘तपासता आलं नाही’ असं लिहायला हवं. पण तक्त्यात पुष्कळदा ‘नाही’ असं लिहिलेलं आढळतं. मग ज्या विभागात सगळ्यात खोल गुंगी, त्याच विभागात कागदावर डेलिरियम सगळ्यात कमी! असा आकडा घेऊन वाद घालायला बसलं तर काय निष्पन्न होणार?

दुसरा जड मुद्दा फुफ्फुसांचा. गंभीर एआरडीएसमध्ये, म्हणजे फुफ्फुसं सुजून त्यांत पाणी भरतं त्या आजारात, उंचीवरून काढलेल्या दर किलो वजनामागे ६ मिलिलिटरचा छोटा श्वास द्यायचा असतो, आणि तळमळणारा रुग्ण यंत्राशी झगडून मोठमोठे श्वास ओढतो, त्यानं फुफ्फुस आणखी फाटतं. हे खरं आहे. इथं खोल गुंगी हा खराखुरा उपचार आहे. न थांबणारी आकडी, वाढलेला मेंदूतला दाब, स्नायू शिथिल करणारं औषध, पालथं झोपवण्याचे सुरुवातीचे तास, या ठिकाणीही. शेवटच्या दोन-तीन कारणांत कुणी ‘जागं ठेवा’ म्हणत असेल तर त्याला थांबवलंच पाहिजे. औषधानं लुळा झालेला पण आत जागा असलेला रुग्ण, याहून भयंकर काय असेल? म्हणूनच अशा वेळी डेक्समेडेटोमिडिन या एकट्या शामकावर विसंबू नये, ते एवढ्या खोलीचं औषध नाही. पण हा मुद्दा मांडणारे एक पाऊल जास्त टाकतात. २०१९ साली रोझ या चाचणीत मध्यम ते गंभीर एआरडीएसच्या १००६ रुग्णांचे दोन गट केले होते. एकाला स्नायुशिथिलक आणि खोल गुंगी, दुसऱ्याला हलकी गुंगी. ९० दिवसांतले मृत्यू ४२.५ आणि ४२.८ टक्के. म्हणजे एआरडीएस हे निदान लिहिलं की गुंगी आपोआप खोल व्हावी, याला आधार नाही. समोरचा रुग्ण प्रत्यक्षात झगडत असेल, तर तिथं आहे.

आणि झगडत असेल तर आधी यंत्राकडे बघायला हवं. नळी आत सरकून उजव्या श्वासनलिकेत गेली आहे का, ती कफानं अडली आहे का, नळीभोवतीच्या फुग्यातली हवा गळते आहे का? रुग्णाला हवी तेवढ्या वेगानं हवा मिळत नसेल तर दाबाची रेषा मध्येच खोलगट होते, तिथं प्रवाह वाढवायचा असतो, मिडाझोलॅम नव्हे. एका श्वासात दोनदा यंत्र सुटत असेल तर श्वास आत जाण्याचा वेळ अपुरा पडतो आहे. मूत्राशय भरलं आहे का, हेही चाचपावं. तुंबलेल्या कॅथेटरमुळे तळमळणाऱ्या रुग्णाला कितीही शामक दिलं तरी तुंबलेलं कॅथेटर मोकळं होत नाही. उलट, खोल गुंगी स्वतःचाही एक बिघाड घेऊन येते: यंत्रानं दिलेल्या श्वासानं श्वासपटल मागाहून आकुंचन पावतं आणि एकावर एक श्वास चढतात. बाहेरून हे रुग्णाच्या झगड्यासारखंच दिसतं. त्यावर गुंगी आणखी वाढवली की चक्र पुरं होतं.

तिसरा मुद्दा मनुष्यबळाचा, आणि तो मांडणाऱ्यांना मी अजिबात दोष देणार नाही. जागा रुग्ण नळी ओढतो. एका परिचारिकेकडे दोन किंवा तीन रुग्ण असतील तर तिनं काय करायचं? २००८ च्या एबीसी चाचणीत ज्यांची गुंगी रोज थांबवली गेली त्या गटातल्या १६ जणांनी स्वतः नळी काढली, दुसऱ्या गटातल्या सहा जणांनी. हा तोटा खराच. पण त्याच नोंदींत पुढचा आकडाही आहे. नळी स्वतः काढल्यावर ती पुन्हा घालावी लागली अशांची संख्या पाच आणि तीन. म्हणजे नळी काढणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना तिची गरजच उरली नव्हती, आणि ते आपल्याला कळलं नव्हतं. त्या चाचणीत वर्षाअखेर मृत्यू ४४ टक्के विरुद्ध ५८ टक्के होते. सूत्रबद्ध पद्धत उपयोगी पडते, हेही दिसलं आहे. १९९९ मध्ये ३२१ रुग्णांच्या अभ्यासात परिचारिकांना लिखित नियमांनुसार स्वतः मात्रा बदलायची मुभा दिली, तर व्हेंटिलेटरचा मधला काळ (निम्म्या रुग्णांचा याहून कमी, निम्म्यांचा जास्त) ११७ तासांवरून सुमारे ५६ तासांवर आला. ऑस्ट्रेलियात नंतर असाच प्रयोग झाला तेव्हा फरक पडला नाही, कारण तिथं प्रत्येक रुग्णामागे एक अनुभवी परिचारिका आधीपासूनच होती आणि ती तेच काम नियमाविना करत होती. जिथं माणसं कमी, तिथं लिखित नियम जास्त कामाचे, असा याचा अर्थ मी लावतो. आणि माणसं नाहीत म्हणून गुंगी खोल ठेवायचीच असेल, तर कारणाच्या रकान्यात ‘मनुष्यबळ कमी’ असंच लिहावं. ‘व्हेंटिलेटरशी जुळत नाही’ असं लिहू नये. खरं कारण कागदावर आलं, तरच माणसं मागता येतील.

‘जागं ठेवणं क्रूर आहे’ हा सूर वैद्यकाला नवा नाही. त्याच १९५२ साली बोस्टनमध्ये सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन यांनी हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णांना आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवण्याऐवजी लवकर खुर्चीत बसवायला सुरुवात केली. तेव्हा सक्तीची विश्रांती हीच दया समजली जात होती, आणि बसवणं म्हणजे जिवाशी खेळ. आज आठवडेभर निजवून ठेवणं कुणाला सुचणारही नाही.

पण आता दुसऱ्या पक्षाकडे वळायला हवं, कारण तिथंही आकड्यांची मोडतोड चालते. २००० साली शिकागोच्या क्रेस आणि सहकाऱ्यांनी १२८ रुग्णांच्या चाचणीत रोज एकदा गुंगी पूर्ण थांबवली, तेव्हा व्हेंटिलेटरचे दिवस ७.३ वरून ४.९ वर आले. त्यातून ‘रोज सकाळी बंद करा’ हा मंत्र झाला. २०१२ मध्ये स्लीप चाचणीत ४२३ रुग्णांवर तोच प्रयोग झाला, पण दोन्ही गटांत गुंगी आधीच नियमानं हलकी ठेवलेली होती. फरक शून्य, दोन्हीकडे सात दिवस. उलट रोज थांबवणाऱ्या गटात औषध जास्त गेलं आणि परिचारिकांचं काम वाढलं. पुढं आणखी एक पाऊल टाकत ‘गुंगीच नको’ असं डेन्मार्कमधल्या ओडेन्सच्या गटानं २०१० साली १४० रुग्णांत करून पाहिलं आणि व्हेंटिलेटरचे दिवस कमी झाले. पण तिथं प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका होती, तरीही जवळपास पाचांतल्या एकाला शेवटी गुंगी द्यावीच लागली. २०२० मध्ये ७०० रुग्णांच्या नॉनसेडा चाचणीत गुंगीविना असलेल्या गटात मृत्यू ४२.४ टक्के, हलक्या गुंगीच्या गटात ३७.० टक्के. हा फरक संख्याशास्त्रानं सिद्ध होणारा नव्हता, पण ‘गुंगीच नको’ या घोषणेला त्यातून बळ मिळत नाही, हे निश्चित. लवकर खोल गुंगी दिलेल्यांत मृत्यू जास्त असतात असं सांगणारे अभ्यासही बहुतांश निरीक्षणात्मक आहेत. जास्त आजारी माणसाला जास्त औषध मिळतं, हा गुंता त्यात आहेच. या सगळ्यातून उरतं ते एवढंच: खोलवरून हलक्यावर येण्यात मोठा लाभ आहे, हलक्यावरून शून्यावर जाण्यात तो सिद्ध झालेला नाही.

आठवडाभर चाललेलं औषध एका झटक्यात बंद करण्यात तर उघड धोका आहे. मिडाझोलॅम आणि फेंटॅनिल शरीराच्या सवयीचे झालेले असतात. अचानक थांबवल्यावर घाम, थरथर, वाढलेली नाडी, क्वचित आकडी येते, आणि ‘बघा, जागं करवत नाही’ म्हणून औषध पुन्हा सुरू होतं. तिथं दर टप्प्याटप्प्यानं उतरवायचा असतो.

औषध कोणतं, यावर जेवढी शाई खर्च होते तेवढी होऊ नये, पण काही गोष्टी ठाम सांगता येतात. मिडाझोलॅमचा एक क्रियाशील अवशेष मूत्रपिंडावाटे जातो. मूत्रपिंडं बंद असलेल्या रुग्णात पंप थांबवल्यावरही गुंगी दिवसेंदिवस टिकते, आणि मेंदूचा स्कॅन करायला धावावं लागतं. फेंटॅनिल एका डोसनंतर लवकर उतरतं, पण कित्येक तास पंपावर चाललं की चरबीत साठतं आणि उतरायला तासन् तास घेतं. प्रोपोफॉल लवकर उतरतं, मात्र ताशी दर किलो वजनामागे ४ मिलिग्रॅमच्या वर दोन दिवसांहून जास्त गेलं तर रक्तातलं आम्ल वाढणं, स्नायू वितळणं, नाडी मंदावणं असं जीवघेणं संकट येऊ शकतं. ७० किलोच्या माणसाला १ टक्क्याच्या प्रोपोफॉलचा ताशी २८ मिलिलिटर हा दर म्हणजे ती सीमा. आणि प्रत्येक मिलिलिटरमागे १.१ कॅलरी असते, ताशी २० मिलिलिटरनं दिवसाला सव्वापाचशे. आहार लिहिताना ती वजा करायची राहून जाते. डेक्समेडेटोमिडिन श्वास दाबत नाही, हलक्या गुंगीला आणि डेलिरियमच्या दृष्टीनं चांगलं, पण नाडी मंदावतं, रक्तदाब उतरवतं. २०१९ च्या ४००० रुग्णांच्या स्पाइस-३ चाचणीत त्याच्या गटात आणि नेहमीच्या औषधांच्या गटात ९० दिवसांतले मृत्यू सारखेच, २९.१ टक्के, निघाले. कोणत्याही औषधाच्या नावात उत्तर दडलेलं नाही.

करोनाच्या साथीत हे सगळं पुसलं गेलं. १४ देशांतल्या सुमारे २१०० रुग्णांच्या अभ्यासात ६४ टक्के रुग्णांना बेंझोडायझेपीन पंपातून मिळाली होती, मधला काळ सात दिवस. जी माणसं तेव्हा राबली त्यांना दोष देणं अन्यायाचं होईल. संसर्गाची भीती, अंगावर चढवलेले संरक्षक कपडे, औषधांचा तुटवडा, सगळंच होतं. पण त्याच अभ्यासात ज्यांना घरच्यांची भेट मिळाली, त्यांच्यात डेलिरियम कमी आढळला. आणीबाणी गेली, त्या काळात रुजू झालेल्यांच्या हातातली सवय मात्र पुष्कळ ठिकाणी तशीच आहे, कारण त्यांनी दुसरी पद्धत पाहिलेलीच नाही.

मग सकाळच्या फेरीत काय व्हावं? आदेश असा लिहिलेला असावा: लक्ष्य रास ० ते −१, दर चार तासांनी आणि प्रत्येक बदलानंतर मोजायचं, सीपॉट ३ किंवा अधिक असेल तर आधी फेंटॅनिल. लक्ष्य −४ असेल तर शेजारी कारण आणि फेरविचाराची वेळ, चोवीस तासांच्या आतली. थांबवण्याआधी विचारायचं: आकडी चालू आहे का, दारू अचानक सुटल्याची लक्षणं आहेत का, स्नायुशिथिलक आहे का, गेल्या चोवीस तासांत हृदयाला रक्त कमी पडल्याची खूण आहे का, मेंदूतला दाब वाढलेला आहे का? सगळ्याला ‘नाही’ आलं तर शामक थांबवायचं, वेदनाशामक गरजेपुरतं ठेवायचं, आणि फिजिओथेरपिस्ट, डॉक्टर, परिचारिका यांची वेळ एकच ठरवायची. नाहीतर सकाळी सहाला जागा झालेला रुग्ण दहापर्यंत वाट बघून पुन्हा गुंगीत जातो. चष्मा आणि कानाचं यंत्र हाताशी हवं. हात बांधून जागं करू नये, त्यानं तळमळ वाढते. श्वासाचा वेग पाच मिनिटांहून जास्त काळ ३५ च्या वर राहिला, ऑक्सिजन ८८ टक्क्यांखाली गेला, नाडी बिघडली किंवा तळमळ आवरेना, तर आधी कारण शोधायचं आणि मग औषध आधीच्या निम्म्या दरानं सुरू करायचं. निम्म्या दरावर भर का? कारण पूर्ण दरानं सुरू केलं की काल ज्या जागी होतो तिथंच आज परत पोचतो. आणि जो रुग्ण शांतपणे जागा राहिला, त्याला यंत्राच्या आधाराविना श्वास जमतो का, ही चाचणी त्याच तासात घ्यायची.

एका पलंगाशी मात्र दोन मिनिटं जास्त थांबावं. रास −४, पंप तीन दिवस एकाच दरावर, ऑक्सिजनची गरज उतरलेली, आणि ‘कशासाठी?’ विचारलं तर पाळीवरचे दोघंही एकमेकांकडे बघतात. तिथं वाद घालत बसण्यात अर्थ नाही. दर निम्मा करा, तासाभरानं नाव घेऊन हाक मारा, आणि डोळे उघडले तर ते किती सेकंद आपल्यावर टिकतात ते मोजा.